कोरडं घोंगडं

दिवाळी सरली, की साताऱ्याच्या हवेतला ओलावा कुठं तोंड लपवून बसतो कोण जाणे. ओठ उलतात, टाचा उलतात, केसांतून कंगवा फिरवला की केस त्याच्या मागं मागं धावतात. आणि माणसं एकमेकांना चट द्यायला लागतात. दाराच्या कडीला हात लावला, चट. स्वेटर डोक्यातून काढला, चटचटचट. गाडीतून उतरून दार लोटलं, की बोटाला असा चटका बसतो की ‘आई गं’ निघालंच पाहिजे. लोक हसतात, बोट चोळतात आणि विसरून जातात. मला विसरता येत नाही. एक तर माझी भाकरी त्या चटवरच आहे. दुसरं कारण जरा लांबचं आहे, आणि ते सांगायला मला फार उशीर झालाय.

मी इथल्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात काम करते. आम्ही मास्क बनवतो. हे ऐकलं की लोक तोंडापुढं हात धरून विचारतात, “हे मास्क?” साथीच्या दिवसांत आईनं गावभर सांगून ठेवलं होतं, “आमची सारिका मास्कच्या कारखान्यात हाय.” साथ ओसरल्यावर मी गावी गेले तर ओट्यावर अर्धी आळी बसलेली. “पोरी, दोन-दोन तरी दे की गं!” आता यांना काय कप्पाळ सांगणार?

आमचा मास्क म्हणजे काचेची पाटी. साधी काच नव्हे, क्वार्ट्झची, तळहाताहून थोडी मोठी. तिच्यावर क्रोमचा पातळ थर आणि त्या थरात केसाच्या शंभराव्या हिश्शाइतक्या बारीक रेघा. या पाटीतून उजेड सोडला, की खाली सिलिकॉनच्या चकतीवर तिची सावली पडते आणि त्या सावलीबरहुकूम चिपा तयार होतात. लग्नपत्रिकेचा ठसा असतो ना, तसंच. ठशातच नवरीचं नाव चुकलं तर सगळ्या पत्रिकांवर चुकणार. आमच्या पाटीवरची एक रेघ शेजारणीला चिकटली, तर त्या जागची चिप दर चकतीवर बाद.

आणि रेघेला रेघ चिकटायला एक चट पुरते. आपल्या बोटाला कळते ती चट तर दांडगीच झाली; आपल्याला कळतसुद्धा नाही अशीनं तिथं क्रोम वितळतो. म्हणून दर हिवाळ्यात नव्या माणसांना मी एक दिवस शिकवते. मनगटाला पट्टा बांधा, त्याची तार अर्थिंगला जोडा. हवेतला वीजभार मोडणाऱ्या पंख्याखालीच पाटी उघडा. खोलीत ओलावा राखा. पाटी काळ्या डब्यातच ठेवा, त्यातून वीज वाहून जाते. पारदर्शक प्लास्टिकचा डबा दिसायला देखणा, पण तो वीज धरून बसतो. सावकाश चाला, सावकाश उचला. आणि शेवटचा नियम: डब्याच्या आसपाससुद्धा लोकर नको.

या शेवटच्या नियमाला दरवर्षी कुणीतरी हसतं. “मॅडम, इथं लोकर आणणार आहे कोण?”

मीही हसायचे आणि पुढचं चित्र लावायचे. चार हिवाळे मी असं हसून काढले.

हे सगळं मला शिकवलं रफीकभाईंनी. ते मूळचे आष्ट्याचे. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, तेच पुढं यांनी चालवलं. मग मोबाइल आले आणि लोकांच्या मनगटावरची घड्याळं उतरली. पन्नाशीत हा माणूस कामासाठी साताऱ्याला आला. साहेबांनी शिक्षणाचे कागद मागितले, तर यांनी खिशातून चिमटा काढला, बशीत सांडलेल्या साखरेतला एक दाणा उचलला आणि दुसऱ्या दाण्याच्या डोक्यावर नेऊन ठेवला. साहेब म्हणाले, उद्यापासून या.

त्यांचा हात हवेत थांबला की थांबायचाच. मी इंजिनिअर म्हणून त्यांच्यावर नेमलेली, आणि पाटी उचलताना माझा श्वास अडकायचा. ते हळूच म्हणायचे, “पोरी, घाई करू नगंस. काचंला काय तोंड हाय व्हय? दुखलं तर ती आपल्याम्होरं वरडत न्हाई. दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगती.” कॉलेजात मोठमोठ्या नावांनी शिकलेली ती वीज, तिला ते साधं ‘चट’ म्हणायचे. पुस्तकात दोन पानं खर्ची घातलेली गोष्ट त्यांनी मला एका वाक्यात सांगितली होती: “तिला शिवायलाच पायजे असं न्हाई. भारलेली वस्तू नुस्ती जवळ आली तरी बाधती. नजर लागल्यागत.”

अगदी खरं होतं ते. मनगटाचा पट्टा माणसाला सांभाळतो, काचेला नाही. काचेतून वीज वाहत नाही, मग तिच्यावरच्या रेघा एकेकट्या पडतात, आणि बाहेर कुणी भारलेलं फिरलं की आपापसात तडकतात. बरं, दरवेळी ठिणगीच पडते असंही नाही. भार थोडा असला आणि बराच काळ राहिला, तर क्रोम नुसता हळूहळू सरकतो. रेघ पसरत जाते. बघणाऱ्याला काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा फार पुढं गेलेलं असतं.

आता घोंगड्याचं सांगते. आम्ही आटपाडीकडचे, माळावरचे, मेंढरांमागं फिरणारे. हिवाळ्यात आबांचा कळप खाली नदीकाठच्या रानांत उतरायचा. वाटेत एखादी मेंढी व्यायली, तर ते ओलं कोकरू आबा घोंगड्याच्या खोळीत घालून मैलच्या मैल चालायचे. दगड लागू नये, वारं लागू नये, धक्का बसू नये. जपायची वस्तू घोंगड्यात जाते हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. बहुधा मीही त्याच खोळीतून हिंडले असेन. पहाटे अंधारात आबा घोंगडं झटकायचे तेव्हा त्यातून निळ्या बारीक ठिणग्या उडायच्या. आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. आबा म्हणायचे, “बिरोबा हसला बघा.”

मला नोकरी लागली तेव्हा आबांनी घरच्या मेंढरांची लोकर सणगराकडं नेऊन दिली आणि माझ्यासाठी घोंगडं विणून घेतलं. काळंभोर, चिंचोक्याची खळ दिलेलं, नवं असताना पत्र्यासारखं ताठ. “तुमच्या हापिसात लय गारवा असतोय म्हनं. ऱ्हाऊ दे जवळ,” म्हणाले. आणि उठता उठता, “यावर बसून खोटं बोलायचं न्हाई बरं का.” आमच्याकडं भांडणं मिटवायला घोंगडं अंथरतात. त्यावर बसलेला माणूस खरंच बोलणार, असं सगळे धरून चालतात.

त्या वर्षी संक्रांत दोन दिवसांवर होती. हवा इतकी कोरडी की कागदाला कागद चिकटत होता. पुण्याच्या पलीकडं एका प्रयोगशाळेला पाटी पोचवायची होती आणि ती मी एकटीनं न्यायची होती, पहिल्यांदाच. काळे डबे सगळे बाहेर गेलेले. रफीकभाई म्हणाले, “काळा डबा उद्या येतोय. उद्या ने की. एका दिसानं काय आभाळ कोसळतंय?”

पण मला मिरवायचं होतं. सारिकानं एकटीनं पोचवलं, आणि वेळेत पोचवलं, हे साहेबांनी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, पारदर्शक डबा चालेल, आजवर चाललाय. रफीकभाईंनी पाटी स्वच्छ केली, तपासली, डब्यात ठेवली आणि डबा दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला.

गाडीशी आले तर मागच्या सीटवर ठेवायचा स्पंज कुणीतरी काढून नेलेला. रस्ता तर तुम्हाला ठाऊक आहे. घाटातल्या बोगद्यापर्यंत ठीक, पण पुढं ते वळण, खंडाळ्यापाशी उखडलेलं डांबर, रस्त्याची कायमची कामं. काचेला धक्का बसला तर? मी खोलीवर गेले आणि घोंगडं घेऊन आले. चार घड्या घातल्या, मधे खोळ केली, त्यात डबा ठेवला, वरून पदर ओढला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आबांनी बघायला हवं होतं असं वाटलं. अडीच-तीन तास खिडकीतून ऊन येत होतं, गाडी हिंदकळत होती, आणि लोकर प्लास्टिकवर घासत होती. मी, अभियांत्रिकीची पदवी घेतलेली बाई, पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसून चिक्की खात होते.

आठवड्यानं पत्र आलं. पाटीच्या एका कोपऱ्यात रेघा जळून एकमेकींत मिसळल्या होत्या. साहेबांनी ते वाचून दाखवलं आणि त्यात ‘वीजभार’ हा शब्द आला. कळलं होतं मला. त्याच क्षणी कळलं होतं. पुढं चार वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की खात्री नव्हती, साफ खोटं.

साहेबांच्या खोलीत आम्ही तिघंच. साहेबांनी विचारलं, “शेवटचा हात कुणाचा लागला?”

“माजा,” रफीकभाई म्हणाले.

“पट्टा बांधला होता? तपासला होता?”

रफीकभाई विचारात पडले. दुसरा कुणीही ‘हो’ म्हणून मोकळा झाला असता. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं, आणि म्हणाले, “बांधलावता, साहेब. पन त्या दिशी तपासला का न्हाई, खरंच ध्यानात येत न्हाई.”

झालं. ज्याला आठवत नाही तो चुकला. डब्याचा विषय निघाला तेव्हा साहेबच म्हणाले, “पारदर्शक डब्यातून आपण आजवर किती पाट्या पाठवल्यात, काही झालं नाही.” उद्या ने म्हटलं होतं, हे रफीकभाई तेव्हा बोलू शकले असते. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, मला अडचण नको म्हणून. आणि मी? मी मान खाली घालून टेबलाची कड बघत बसले. एक वाक्य होतं. ‘साहेब, मी डबा घोंगड्यात गुंडाळला होता.’ एवढंच म्हणायचं होतं.

त्यांना पाट्यांच्या खोलीतून काढून भांडारात बसवलं. त्याच आठवड्यात, सगळे जेवायला गेले असताना, मी रिकामा डबा आणि घोंगडं शेजारच्या खोलीत नेलं. चार वेळा घासलं आणि वीजभार मोजायचं यंत्र जवळ धरलं. आकडा यंत्राच्या बाहेर गेला. मी यंत्र बंद केलं, घोंगडं पिशवीत कोंबलं आणि जेवायला जाऊन बसले. समोरच रफीकभाई भाकरी मोडत होते. उजवा हात डोळ्यांसमोर धरून उलटासुलटा बघत म्हणाले, “वय झालं म्हनायचं. आता हाताचा भरवसा न्हाई.”

महिन्याभरानं ते आपण होऊन आष्ट्याला निघून गेले. पुढं मी त्या खोलीची प्रमुख झाले आणि लोकरीचा नियम केला. का केला, ते कुणी विचारलं नाही.

मराठीत लोंबकळत पडलेल्या गोष्टीला भिजत घोंगडं म्हणतात. माझं मात्र कोरडंच होतं आणि कोरडं होतं म्हणूनच बाधलं. भिजलेल्या लोकरीत वीज ठरत नाही. घोंगडं कपाटात वर ठेवून दिलं होतं, आणि दर हिवाळ्यात कपाट उघडलं की त्याचा तो मेंढरांचा वास यायचा. आबा फोनवर विचारायचे, “घोंगडं वापरतीस का न्हाई?” मी म्हणायचे, वापरते. निदान त्यावर बसून तरी म्हणत नव्हते.

यंदा आबा गेल्याला वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाच्या आधी गावाकडं घरातली घोंगडी उन्हात टाकतात, म्हणून मीही माझं काढलं आणि गॅलरीत झटकलं. भर दुपार होती, ठिणगी दिसायचा प्रश्न नव्हता, पण आवाज आला. चटचट. बिरोबा हसला की काय, असं वाटून मी चांगलीच घाबरले. ते घोंगडं परत कपाटात ठेवायला हात वर जाईना. पुढच्या रविवारी ते घेऊन आष्ट्याची एसटी धरली.

पेठनाक्यावरून आत वळलं की हवाच बदलते. दोन्हीकडं ऊस, पाट वाहतायत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वाट अडवून चाललेल्या. ओठ आपोआप ओले होतात. रफीकभाईंचं दुकान बाजारात सापडलं. बाहेर मोबाइलची कव्हरं टांगलेली. आत एका कोपऱ्यात काचेच्या कपाटामागं ते बसलेले, दाढी पांढरी.

“कोन? सारिका? आगं ये, ये! लय दिसांनी वाट चुकलीस.” त्यांना झालेला आनंद बघून मला परत फिरावंसं वाटलं. चहा आला. त्यांनी आईची चौकशी केली, आबा गेले म्हटल्यावर हळहळले. मग मी चहा तसाच ठेवला आणि सांगून टाकलं. स्पंज नव्हता, हे घोंगडं होतं, चूक तुमची नव्हती. माझी होती. एवढं बोलायला चार वर्षं लागली आणि बोलून व्हायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्यांनी घोंगडं मांडीवर घेतलं. अंगठ्यानं पोत चाचपला. “ह्येच व्हय? ऊबंला लय ब्येस आसंल.” रागावतील, शिव्या देतील, काहीतरी करतील म्हणून मी वाट बघत होते.

“तुला कवा कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. पण घोंगडं त्यांच्या मांडीवर होतं.

“पत्र ऐकलं तेव्हाच. त्याच आठवड्यात मोजूनही बघितलं.”

“म्हंजी मी हुतो तवाच.”

“हो. तुम्ही समोर जेवत होतात.”

त्यांनी मान हलवली. खण ओढून एक पत्र्याची डबी काढली. आत चिमटे, बारीक पेचकस, डोळ्याला लावायचं भिंग; सगळ्यावर गंज. “तवापासनं घड्याळ उघडलं न्हाई मी. सेल बदलायचा आसंल तरी पोराला सांगतो. मला वाटायचं, येवढी म्हागाची काच आपल्या हातनं गेली, आता लोकांची घड्याळं कशाला नासवा?” त्यांनी भिंग लावलं, कपाटाच्या काचेवर एक इवलासा स्क्रू ठेवला आणि चिमटा त्याच्याकडं नेला. हवेत थांबणारा तो हात. चिमट्याचं टोक काचेवर टक टक वाजायला लागलं. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा स्क्रू घरंगळून खाली पडला.

“तवा थरथरत नव्हता, पोरी,” भिंग काढत ते म्हणाले. “आता थरथरतोय बघ.”

मी रडले. आणखी काय करणार होते? त्यांनी चिमटा डबीत ठेवला आणि विचारलं, “साहेबास्नी सांगितलंस?”

“नाही. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं.”

“मला सांगून काय उपेग?” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “मला कोन काय म्हनलं हितं? माजं नाव तिकडं खराब झालंय.”

त्यांनी घोंगड्याची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मला विचारायचा धीर झाला नाही. दारापर्यंत आले, ‘जपून जा’ म्हणाले. तसं ते सगळ्यांनाच म्हणतात.

मंगळवारी नव्या माणसांचा वर्ग होता. सकाळीच साहेबांना म्हटलं, आज तुम्हीही येऊन बसा. ते आले, मागच्या खुर्चीवर बसले, घड्याळात बघितलं. मी नेहमीसारखं शिकवत गेले. पट्टा, पंखा, ओलावा, काळा डबा, सावकाश चाला, सावकाश उचला. मग शेवटचा नियम आला. समोरच्या रांगेतली एक मुलगी हसली आणि दरवर्षी येतो तोच प्रश्न आला.

“पण मॅडम, इथं लोकर आणणार आहे कोण?”

मी पिशवीतून घोंगडं काढलं. टेबल लांब ढकललं, घोंगडं जमिनीवर अंथरलं आणि त्यावर मांडी घालून बसले. सगळे चकित होऊन बघायला लागले. साहेब अर्धवट उठले.

“मी आणली होती,” मी म्हटलं. “आणि नाव खराब झालं रफीकभाईंचं.”